कोजागिरीच्या बेतात चंद्राला पहिला मान द्यावा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नवरात्र संपत आले की शहरांतील गृहनिर्माण संस्थांच्या सूचना फलकांवर कोजागिरीच्या कार्यक्रमाची पत्रके दिसू लागतात. वर्गणी किती, वाद्यवृंद कोणता, अंताक्षरी किती वाजता, मुलांची वेशभूषा स्पर्धा कधी, खायला पावभाजी की भेळ, सोडतीत बक्षिसे कोणती, हे सारे त्यांत तपशिलाने दिलेले असते. मात्र चंद्र किती वाजता उगवणार, आपल्या आवारात तो इमारतींच्या वर केव्हा येणार आणि त्या वेळी दिवे मालवणार की नाही, याचा उल्लेख मला क्वचितच आढळला आहे. आमच्या संस्थेत या कार्यक्रमाच्या तयारीत मी अनेक वर्षे सहभागी आहे. ज्याच्यासाठी पाहुण्यांना बोलवायचे तो चंद्रच कार्यक्रमाच्या आखणीतून सुटला आहे, असे मला मनापासून वाटते, आणि थोडा विचार केला तर ही उणीव फारशा खर्चाविना दूर करता येते. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम दिवसाविषयी. कोजागिरी ज्या रात्री मध्यरात्रीला पौर्णिमा असते त्या रात्री करायची असते, सूर्योदयाला कोणती तिथी आहे यावरून ती ठरत नाही. २०२४ मध्ये पौर्णिमा १६ ऑक्टोबरला रात्री पावणेनऊच्या सुमारास लागली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपली. त्यामुळे १७ तारखेच्या सूर्योदयाला पौर्णिमा असूनही कोजागिरी १६ तारखेचीच होती. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक मास असल्याने सण उशिरा येत आहेत आणि कोजागिरी २५ ऑक्टोबरला आहे. त्या दिवशी रविवार आहे, पौर्णिमा दुपारी बाराच्या सुमारास लागून सोमवारी सकाळी पावणेदहाच्या आसपास संपते, म्हणजे संपूर्ण रात्र पौर्णिमेची आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंत बहुतेक महाराष्ट्रातून मोसमी पाऊस परतलेला असल्याने आकाश निरभ्र मिळण्याची शक्यताही चांगली आहे.

आता वेळेविषयी, आणि येथे मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण बहुतेक कार्यक्रम येथेच फसतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत उंच येतो. आश्विनातील पौर्णिमेचा चंद्र तर महाराष्ट्रातून पाहताना मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर असतो. तो तासाला साधारण चौदा अंश वर सरकतो. २५ ऑक्टोबर २०२६ ला पुण्यात रात्री आठ वाजता तो क्षितिजापासून सुमारे ३५ अंशांवर, दहा वाजता सुमारे ६० अंशांवर आणि अकराला ७५ अंशांच्या आसपास असेल. आता आपले आवार डोळ्यांसमोर आणावे. पूर्वेला बारा मजल्यांची, म्हणजे अदमासे ३६ मीटर उंचीची इमारत असेल, तर रात्री आठ वाजता तिची सावली ५० मीटरहून लांब पडते. बहुतेक संस्थांचे अंगण तेवढे रुंद नसतेच. दहा वाजता तीच सावली २० मीटरच्या आसपास येते आणि अकराला अवघी नऊ-दहा मीटर उरते. म्हणजे आठ वाजता अंगणात खुर्च्या मांडून, साडेनऊला दूध वाटून, दहाला आवरते घेणाऱ्या मंडळींना चंद्र दिसण्याचा संभव मुळातच कमी असतो. ही सावली आधी मोजून घेणे कोणालाही जमण्यासारखे आहे. कार्यक्रमाच्या दोन-तीन दिवस आधी संध्याकाळी आवारात उभे राहून चंद्र कोणत्या इमारतीमागून केव्हा वर येतो ते पाहावे आणि दर दिवशी ती वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे जाते हे लक्षात घेऊन पौर्णिमेचा अंदाज बांधावा.

यातून दोन सोपे मार्ग निघतात. गच्ची मोकळी आणि सुरक्षित असेल, कठडे पुरेसे उंच असतील आणि ज्येष्ठांसाठी उद्वाहन तेथवर जात असेल, तर कार्यक्रम गच्चीवर घ्यावा, म्हणजे संध्याकाळी क्षितिजावर तांबूस दिसणाऱ्या चंद्रापासूनच सुरुवात करता येते. गच्ची शक्य नसेल तर अंगणातील कार्यक्रम मागे सरकवावा. साडेआठला जेवणखाण, दहापर्यंत मुलांचे खेळ व गाणी, आणि दूध मात्र अकरानंतर, असा क्रम ठेवला की चंद्र स्वतःच अंगणात उतरतो. राज्यभर घड्याळ एकच असले तरी चंद्र सर्वत्र एकाच वेळी माथ्यावर येत नाही. नागपुरात तो मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी येतो, याची विदर्भातील आयोजकांनी नोंद घ्यावी.

अनेक संस्था कामाच्या दिवशी येणारी कोजागिरी सोयीसाठी शनिवारी करतात. काही जाणकारांना हे पटत नाही. माझे मत थोडे वेगळे आहे. पूजा ज्या रात्रीची त्या रात्रीच घरी करावी, परंतु शेजाऱ्यापाजाऱ्यांचा मेळावा शनिवारी घ्यायला हरकत नसावी. मात्र तो शनिवार पौर्णिमेच्या आधीचा असावा, नंतरचा नव्हे. २०२५ ची कोजागिरी सोमवारी, ६ ऑक्टोबरला होती. तिच्या आधीच्या शनिवारी चंद्र नव्वद टक्क्यांहून अधिक उजळलेला होता आणि रात्री दहाच्या सुमारासच माथ्यावर आला, म्हणजे लहान मुलांना आणि वृद्धांना तो अधिक सोयीचा होता. नंतरच्या शनिवारी मात्र तो रात्री नऊच्या पुढेच उगवला. उत्सव लांबणीवर टाकणाऱ्यांच्या वाट्याला त्या रात्री अंधारच आला असणार.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा दिव्यांचा आहे. पूर्ण चंद्राचा जमिनीवर पडणारा प्रकाश फार तर पाव लक्सच्या आसपास असतो, रस्त्यावरच्या चांगल्या दिव्याखाली तो दहा लक्स किंवा त्याहूनही अधिक असतो आणि कार्यक्रमासाठी भाड्याने आणलेल्या झोतदिव्यांखाली तर कित्येक पट. अशा झगमगाटात चांदणे पडलेले आहे हे कळणेच शक्य नसते. अंधाराला सरावण्यासाठी डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि एकदा कोणी भ्रमणध्वनीचा पडदा पूर्ण उजेडात समोर धरला की तो सराव मोडतो. त्यामुळे दूध वाटताना पाच मिनिटे दिवे घालवून टाळ्या वाजवण्याने काही साधत नाही. निदान एक तास आवारातील सर्व शोभेचे दिवे, झोतदिवे आणि शक्य तेवढे खांबांवरचे दिवे बंद ठेवावेत. जिना, पायऱ्या, पाण्याची टाकी आणि वाहनांचा रस्ता येथे जमिनीलगत मंद दिवे असावेत, त्यांवर लाल जिलेटीनचा कागद लावला की पाय ठेवण्यापुरते दिसते आणि डोळेही दिपत नाहीत. तळमजल्यावरील कुटुंबांना दर्शनी खोल्यांचे पडदे ओढून घेण्याची विनंती आदल्या दिवशीच करावी. सुरक्षारक्षकांना आणि उद्वाहन सांभाळणाऱ्यांना पूर्वसूचना द्यावी. मुलांना अंधाराची भीती वाटेल असे काही पालक म्हणतात, पण मोकळ्या जागेत पौर्णिमेच्या उजेडात माणसांचे चेहरे ओळखता येतात, स्वतःची सावली दिसते, एवढेच नव्हे तर मोठ्या अक्षरांतील मजकूरही वाचता येतो. शहरात वाढलेल्या मुलांनी चांदण्यात पडलेली स्वतःची सावली पाहिलेलीच नसते. ती पाहिल्यावर त्यांना जो आनंद होतो त्यापुढे कोणतीही सोडत फिकी आहे, हे मी अनुभवाने सांगते.

यात नवे असे काही नाही. आग्र्याचा ताजमहाल पौर्णिमेची रात्र आणि तिच्या आधीच्या व नंतरच्या दोन-दोन रात्री, अशा पाच रात्री पाहण्यासाठी खुला असतो आणि तेथे पन्नास-पन्नास जणांच्या गटाने लोक केवळ चांदण्यातला संगमरवर पाहण्यासाठी जातात. आपल्या राज्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. रात्रीच्या नैसर्गिक अंधाराला मोल आहे हे जिथे शासकीय पातळीवर मान्य झाले आहे, तिथे वर्षातील एका रात्री एका तासापुरते आपले आवार त्या अंधाराला देणे कठीण वाटू नये.

आवाजाबाबत कायदा स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य शासनाला वर्षातील १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आणि आपल्या जिल्ह्यात त्या दिवसांत कोजागिरी आहे की नाही हे आयोजकांनी आधी पाहून घ्यावे. परंतु सूट असली तरी ती वापरू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. दहापर्यंत वाद्यवृंद झाला, पुढे ध्वनिक्षेपक बंद करून गोलाकार बसून गाणी म्हटली, तर ज्यांना गाता येत नाही तेही सुरात सूर मिसळतात. विदर्भ-खानदेशातील मंडळी संस्थेत असतील तर त्यांना अगत्याने पुढे बोलवावे. त्यांच्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून बसवलेल्या भुलाबाईची सांगता कोजागिरीला होते. टिपऱ्या, गाणी आणि डब्यात काय आहे ते आवाजावरून ओळखायची खिरापत, हे सारे अंधारात, ध्वनिक्षेपकाविना अतिशय रंगते. कोकणातील कुटुंबांमध्ये याच दिवशी नवान्न असते आणि नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. तेही दाखवायला सांगावे. घरातील ज्येष्ठ अपत्याला आश्विनीनिमित्त ओवाळण्याची पद्धत तर बहुतेक घरांत आहे. सामूहिक कार्यक्रमात सर्व घरांतील पहिल्या मुला-मुलींना एका ओळीत बसवून ओवाळता येते, आणि त्यासाठी निरांजनांचा उजेड पुरेसा होतो.

दुधाविषयी थोडक्यात, पण हिशेबाने लिहिते. शंभर पाहुण्यांसाठी दीडशे मिलिलिटरचा एक पेला धरला तर १५ लिटर तयार दूध लागते. आटवताना पाव भाग कमी होतो, म्हणून २० लिटर, आणि दुसऱ्यांदा मागणारे असतातच, म्हणून २५ लिटर दूध घ्यावे. साखर लिटरला ८० ग्रॅमच्या आसपास पुरते, म्हणजे दोन किलो. सुक्या मेव्याची भरड पाऊण किलो, केशर दोन ग्रॅम, वेलदोडे, चारोळी, आणि जायफळ एक-दोनच, कारण ते जास्त झाले की दूध कडसर होते. मसाला बाजारातून तयार घेण्यापेक्षा घरी कुटलेला बरा. पिस्त्याच्या कापांत हिरवे रंगवलेले शेंगदाणे मिसळण्याचे प्रकार सणासुदीला घडतात, तेव्हा पिस्ते अख्खे घेऊन आपणच कापावेत. जाड बुडाचे पातेले घ्यावे, मंद आचेवर सतत ढवळावे, आणि आटवण्यास दीड-दोन तास धरूनच नियोजन करावे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. चंद्रप्रकाश पडावा म्हणून दुधाचे पातेले तासन् तास उघडे ठेवणे टाळावे. कोमट दूध उबदार रात्री दोन तासांहून अधिक राहिले की ते बिघडण्याचा धोका असतो, शिवाय दिव्यांवरचे किडे त्यात पडतात. नैवेद्याची एक लहान वाटी चांदण्यात ठेवावी, तीत चंद्राचे प्रतिबिंब पाहावे, आणि पाहुण्यांचे दूध झाकून, गरम ठेवून, वाटण्यापूर्वी पुन्हा उकळावे. चंद्र माथ्यावर असल्यामुळे वाटीत प्रतिबिंब दिसण्यासाठी जवळजवळ सरळ वरूनच पाहावे लागते आणि आपल्याच डोक्याची सावली आड येते. वाटी किंचित लांब ठेवून, चंद्र थोडा कललेला असताना, तो ज्या बाजूला असेल तिच्या विरुद्ध बाजूला बसून पाहिले तर ते नीट दिसते. मधुमेह असलेल्यांसाठी बिनसाखरेचे दूध वेगळ्या, खूण केलेल्या पातेल्यात असावे. सुक्या मेव्याची ॲलर्जी मुलांमध्ये आढळते, म्हणून मसाला दुधात आधीच न मिसळता एक भाग साधा ठेवावा आणि निमंत्रणातच याची विचारणा करावी. दूध न चालणाऱ्यांना गवती चहा-आल्याचा काढा दिला तर तेही पंगतीत राहतात.

चंद्र दाखवण्यासाठी दुर्बीण मिळाली तर उत्तम. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी आकाशनिरीक्षकांना एकत्र आणत आहे आणि इतर शहरांतही अशी मंडळे आहेत. त्यांच्याकडे महिनाभर आधी विचारणा करावी. पूर्ण चंद्रावर सूर्याचा प्रकाश समोरून पडत असल्याने विवरांच्या सावल्या दिसत नाहीत, त्या पाहायच्या तर अष्टमीच्या आसपासचा चंद्र हवा. पौर्णिमेला मात्र दक्षिणेकडील टायको विवरापासून फाकलेले शुभ्र पट्टे आणि काळसर दिसणारे ‘समुद्र’ फार सुरेख दिसतात, आणि त्यासाठी दहा पट मोठे दाखवणारी साधी द्विनेत्री पुरते. तिला तिकटीवर बसवावे, नाहीतर हात हलतो. जिथे २० जुलै १९६९ रोजी माणूस उतरला तो शांतिसागर मुलांना दाखवता येतो. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ दक्षिण ध्रुवाच्या दिशेला सुमारे ६९ अंश अक्षांशावर उतरले, तो भाग चंद्राच्या खालच्या कडेजवळ येतो. यान अर्थातच दिसत नाही, परंतु ‘आपले यान तिथे आहे’ असे बोट दाखवून सांगितल्यावर मुले पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहतात. आजोबांनी पहिल्या मानवी अवतरणाची बातमी आकाशवाणीवर ऐकलेली असते, नातीने विक्रमचे उतरणे दूरचित्रवाणीवर पाहिलेले असते. त्या दोघांना एका दुर्बिणीपाशी आणण्याची ही संधी आहे.

जागरणाचाही काही उपयोग असतो. २०२३ च्या कोजागिरीला, २८ ऑक्टोबरच्या रात्री, एक वाजून पाच मिनिटांनी खंडग्रास चंद्रग्रहण सुरू झाले आणि भारतभर दिसले. अकराला आवराआवर करून झोपलेल्यांना ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. सर्वांनी रात्रभर जागावे असे मी म्हणत नाही, दुसऱ्या दिवशी शाळा आणि नोकरी असते, परंतु ज्यांना थांबायचे आहे त्यांच्यासाठी गच्चीचे दार एकपर्यंत उघडे ठेवण्याची व्यवस्था समितीने करावी. आकाश ढगाळ राहिले तर काय, हाही विचार आधी करावा. ढग जात-येत असतील तर थांबावे, चंद्र बहुधा अधूनमधून दर्शन देतो.

आपल्याला आणि स्थानिक प्रशासनाला माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या वृत्तपत्राने कोजागिरीच्या आदल्या दिवशी राज्यातील प्रमुख शहरांसाठी चंद्रोदयाची आणि चंद्र माथ्यावर येण्याची वेळ ठळकपणे छापावी. पंचांगात चंद्रोदय मिळतो, पण माथ्यावर येण्याची वेळ सामान्य वाचकाच्या हाती सहजी लागत नाही, आणि आयोजकांना नेमकी तीच हवी असते. दुसरी विनंती महापालिकांना आहे. ज्यांच्या इमारतीला गच्ची नाही आणि अंगणही नाही, अशा चाळींतील आणि वस्त्यांतील कुटुंबांसाठी त्या रात्री मोठी उद्याने मध्यरात्रीपर्यंत खुली ठेवावीत, तेथील झोतदिवे दहानंतर मालवावेत, वाटांवरचे मंद दिवे आणि पुरेसे सुरक्षारक्षक ठेवावेत, आणि ध्वनिक्षेपकाला परवानगी देऊ नये. जेथे असे आधीपासून होत असेल तेथील अनुभव वाचकांनी याच सदरातून कळवावेत, म्हणजे इतर शहरांना २५ ऑक्टोबरच्या आत तयारी करता येईल.

आपली विश्वासू,
कोथरूड, पुणे येथील एक वाचक